आडवी डहाळी

सत्तरच्या दशकात आम्ही सांगलीच्या कॉलेजात होतो तेव्हाची ही गोष्ट. आमच्या वर्गाचं कधी स्नेहसंमेलन झालं की ती हसत हसत सांगितली जाते, आणि ती दरवेळी चुकीची सांगितली जाते. खरी गेल्या महिन्यापर्यंत फक्त मला माहीत होती.

माझा मित्र आणि मी तासगावच्या एकाच गल्लीतले. त्याचे वडील सुभेदार. घरी आले की त्याच्यासाठी मिलिटरी कॅन्टीनचे बूट आणायचे, आणि मी ते बूट त्याच्या आधी डोळ्यांनी घालून बघायचो. माझी आई माझ्यादेखत त्याला म्हणायची, "तुझ्यासारखं जरा ह्याला शिकव रं." त्याला याचं काहीच वाटायचं नाही. तेच मला सहन व्हायचं नाही.

त्या वर्षी उत्तरेकडच्या गिर्यारोहण शिबिरासाठी कॉलेजातून एकच नाव जाणार होतं. सर म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत कोयनेच्या रानात जाऊ, तिथं ठरवू. ठरवायचं कसलं, नाव त्याचंच होतं; तो चुकला तरच माझं. सरांच्या तोंडात त्याला 'गड्या' आणि मला 'अहो, तुम्ही'.

साताऱ्यापर्यंत एसटी, तिथून दुसऱ्या गाडीनं धरणाच्या काठावर, मग लाँचनं पाण्यापलीकडं. तिथल्या धनगरवाड्यावरचे एक म्हातारबा वाट दाखवायला आले. रान असं दाट की भर दुपारी कातरवेळ वाटावी. वर अंजनी-जांभळीचं छप्पर, खाली कुजलेला ओला पाला आणि जळवा. आम्ही बाकीचे पायांना तंबाखूचं पाणी चोळत होतो. माझ्या मित्रानं काही लावलं नव्हतं, तरी त्याला दोनच चिकटल्या आणि मला अकरा. जळवासुद्धा त्याच्या बाजूच्या, असं मला खरोखर वाटलं.

म्हातारबांनी एक खूण शिकवली. वाट फुटली की चुकीच्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकायची. "डहाळी आडवी दिसली की तिकडं पाय टाकायचा न्हाई. तिकडं दरी न्हाईतर गवं." सरांनी त्यावरच परीक्षा ठेवली. म्हातारबा, सर आणि आम्ही चौघं पुढं. अर्ध्या तासानं माझा मित्र बाकीच्या चौघांना मागं घेऊन, खुणा एकट्यानं वाचत माथ्यावर येणार. पोहोचला की नाव पक्कं.

आमच्या तुकडीत मी शेवटचा होतो. तिसऱ्या फाट्यावर कारवीच्या झुडपांत दोन वाटा फुटत होत्या. म्हातारबांनी डावीकडं डहाळी टाकली आणि सगळे उजवीकडं वळले. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. पुढच्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर ती डहाळी उचलून उजव्या वाटेवर ठेवली. हाताला चीक लागला होता तो पँटला पुसला, आणि पळत त्यांना गाठलं.

दुपारपर्यंत माथ्यावर वाट बघितली, मग म्हातारबांनी आम्हाला दुसऱ्या, जवळच्या वाटेनं खाली आणलं. ते पाचही जण धनगरवाड्यावर बसले होते. डावी वाट ओढ्यात उतरत होती. तिथं एकाचा पाय घसरून घोट्यातून मोडला होता आणि माझ्या मित्रानं त्याला पाठुंगळी घेऊन आणलं होतं. त्याचे ते बूट चिखलानं ओळखू येत नव्हते. मला आधी बरं वाटलं. मोडलेला पाय त्यानंतर दिसला.

सर म्हातारबांवर घसरले. "खुणा नीट टाकता येत नाहीत तर कशाला येता?"

"आवं मास्तर, पांढरी झाली की डोई ह्या रानात. मी डहाळी चुकीन व्हय?" म्हातारबा म्हणाले.

मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं माझ्या मित्रानं.

"सर, बाबांना बोलू नका. त्यांची खूण बरोबर हुती. मीच उलटी वाचली."

परतताना लाँचवर कुणीतरी त्याला 'डहाळ्या' म्हणालं आणि ते नाव त्याला कायमचं चिकटलं. शिबिराला माझं नाव गेलं. तिथल्या त्या एका प्रमाणपत्रावर पुढं मला नोकरी लागली. तो गावी द्राक्षाची बाग करत राहिला. त्याच्या नातवंडांनाही ते नाव ठाऊक आहे, कारण तोच त्यांना ही गोष्ट सांगतो. सगळे त्याच्याभोवती बसून हसतात. त्याचाही मला हेवा वाटत आला आहे. मला स्वतःवर तसं कधी हसता आलं नाही.

म्हातारबांची माफी मागायची राहून गेली. माझ्या मित्राकडं मात्र गेल्या महिन्यात गेलो. बेदाण्याच्या शेडमध्ये तो खाटेवर बसला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

तो हातातला बेदाणा फिरवत म्हणाला, "म्हंजे मी बरोबर वाचली हुती?"

"हो."

"बाबांना वाचवाय म्हनून मी तवा खोटं बोललो. पर सांगून सांगून मलाच खरं वाटाय लागलं रं. मोटारीनं जातानासुदीक फाटा आला की मी पोराला इचारतो, बरोबर चाललोय नव्हं?" त्यानं बेदाणा टोपलीत टाकला. "लय हलकट हायस."

"हाय."

"आता लिव्ह हे. समदं लिव्ह. आन् वरनं काय दिसतं ते बी लिव्ह. मी काय बघितलं न्हाई ते."

त्याच्या सांगण्यावरून हे लिहितो आहे, आणि त्या शेवटच्या वाक्यापाशी अडलो आहे. बाकीचे सांगतात की वरून खाली कोकण दिसत होतं, आणि फार लांब समुद्राची रेघ. मला माहीत नाही. माथ्यावर होतो तितका वेळ मी त्या सगळ्याकडं पाठ करून, तो येतो की काय म्हणून वाटेकडं बघत बसलो होतो.