शेवटाकडून वाचलेली कादंबरी

माझ्या आईला कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" तर ती सांगायची, "वाचते." पगार मात्र तिला घड्या घालायचा मिळायचा.

पुस्तकबांधणीच्या कारखान्यात वरच्या मजल्यावर लांबलचक टेबल होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आम्ही बायका बसायचो. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. एकेका कागदावर सोळा पानं छापलेली. त्याला आम्ही फॉर्मा म्हणतो. कागद तीनदा दुमडला, वरून हाडाची पट्टी फिरवली की सोळा पानं ओळीने लागतात. असे फॉर्मे जुळवायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. हात चालू राहतात, डोकं मोकळं राहतं आणि मोकळं डोकं लोकांच्या सुनांवर घसरतं. मालक वैतागले होते. तेव्हा आईनेच तोडगा काढला होता: एकीने वाचायचं आणि तिच्या वाट्याच्या घड्या बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या. वाचायला अर्थातच ती स्वतः बसली. माझी आई गरीब गाय वगैरे कधीच नव्हती.

जे बांधणीला येईल ते ती वाचायची. पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचं एक पुस्तक तिने इतकं रंगवून वाचलं की त्यातला एक पंप शेवटपर्यंत सुरू होत नाही म्हटल्यावर नवी रडकुंडीला आली. नवी म्हणजे आमच्यात सगळ्यात शेवटी लागलेली. तिला येऊन चार वर्षं झाली तरी ती नवीच. दुसरी होती करवत मावशी. शिवणीआधी पुस्तकाच्या पाठीवर करवतीने खाचा पाडायचं काम तिचं आणि जिभेचं कामही तेच.

त्या वर्षी एक कादंबरी आली. एक तरुण मुलगा शहरात जातो आणि वाया जातो, एवढीच गोष्ट. पण लेखकाचं सुरुवातीच्या प्रकरणांत खाडाखोड करणं काही संपेना, म्हणून छापखान्याने शेवटचे फॉर्मे आधी छापून पाठवले. मग त्याच्या आधीचे, मग त्याच्याही आधीचे. आईला पानांवरचे आकडे दिसत होते, पण थांबायला कोणाला धीर होता? न कापलेल्या पानांत नाक खुपसून तिने वाचायला सुरुवात केली.

म्हणजे आम्हाला तो पहिल्यांदा भेटला तोच मुळी एका बंद दुकानाच्या पायरीवर. पायात बूट नाहीत, दाढी वाढलेली, जाणाऱ्या-येणाऱ्याकडे बघत बसलेला.

"ऐतखाऊ आहे मेला," करवत मावशीने लगेच निकाल दिला. "दोन ठेवून द्यायला पाहिजेत."

"आजारी असेल हो," नवी म्हणाली.

"आजारी? काम म्हटलं की अंगात येणारा आजार!"

पुढच्या आठवड्यात आलेल्या फॉर्म्यांत त्याला बूट आले. मग एका मित्राच्या खोलीत त्याला झोपायला जागा मिळाली. मग रंगाच्या दुकानात नोकरी लागली आणि करवत मावशी नाइलाजाने म्हणाली, "सुधारतंय कार्टं." खऱ्या पुस्तकात तो एकेक गोष्ट गमावत जात होता. आमच्या टेबलावर मात्र त्याला एकेक गोष्ट मिळत होती. सगळ्यात शेवटी पहिला फॉर्मा आला. त्यात तो घरी आहे, आई त्याच्या शर्टाला इस्त्री करते आहे, ताट वाढलेलं आहे. नवीने पट्टी खाली ठेवून डोळे पुसले. "पोचला गं बाई घरी!"

पुढे फॉर्मे क्रमाने जुळवताना मी म्हटलं, "अगं, तो तर शेवटी पायरीवरच बसलेला राहतो."

"तू गप्प बस," करवत मावशी म्हणाली. "तो घरी पोचलाय."

 याच काळात आमच्या घरीही एकजण पोचला होता.

माझा दादा. तीन वर्षांपूर्वी तो शहरात गेला होता. आमचे बाबा बस डेपोत मेकॅनिक. त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की पोराला मोठ्या कंपनीत जागा मिळाली आहे. कंपनी होती, पण ती दर दोन-चार महिन्यांनी बदलायची. पार्सलं पोचवणं, गोदामावर पहारा, एका हॉटेलात भांडी. खोल्या त्याहून जास्त बदलल्या. फोनवर सांगायचा, "मजेत आहे." मग एक दिवस दुपारी खांद्याला एक पिशवी लावून दारात उभा राहिला. आईने बाजूला होऊन त्याला आत घेतलं आणि पाणी दिलं. बाबा संध्याकाळी आले, त्यांनी पाहिलं आणि हातपाय धुवायला निघून गेले.

त्यानंतर बाबा त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तो समोर बसलेला असताना मला सांगायचे, "त्याला म्हणावं, नळ नीट बंद कर." मीही सांगायची, "दादा, नळ नीट बंद कर." एकदा वैतागून मी म्हटलं, "मी काय पोस्टमन आहे का?" तर दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं की मीच उठून नळ बंद केला. दादा बाहेर पडायचाच बंद झाला. गल्लीतून जायचं म्हणजे कंपनीबद्दल कोणीतरी विचारणार. बाबांनाही तीच भीती. बापलेकाचं एवढं एकमत मी दुसऱ्या कशावरही पाहिलं नाही.

मग एके दिवशी दादा आईला म्हणाला, "रविवारी निघतो मी."

"कुठे?"

"बघू."

त्या 'बघू'ने आई हादरली. मला कारखान्याच्या जिन्यात म्हणाली, "या वेळेला गेला ना, तर हा परत यायचा नाही. एकदा येऊन पाहिलंय त्याने." एवढं बोलून ती वर गेली आणि नेहमीसारखी वाचायला बसली, पण त्या दिवशी दोनदा तीच ओळ वाचली.

शनिवारी वाचनालयात त्या कादंबरीवर वाचकांची चर्चा होती. लेखक येणार होता. आमच्या मालकांना आमंत्रण होतं आणि त्यांना एकदम सुचलं की पहिल्या वाचक तर आपल्याच बायका! दोन शब्द बोलायला आईचं नाव दिलं. आई सभेत बोलणार म्हटल्यावर बाबांनी दाढी केली आणि ठेवणीतला सदरा काढला. दादा यायला तयार नव्हता. आईने त्याला सांगितलं, पुस्तकांची खोकी उचलायला माणूस नाही. खोकी हलकी होती, मी एकटीने उचलली असती. 

सभागृह भरलेलं होतं. दादा शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसला. बाबांना जागा मिळाली तीही नेमकी त्याच्या शेजारची. दोघं मध्ये एक हात अंतर ठेवून समोर बघत राहिले.

मतं सुरू झाली. एक बँकेतले साहेब म्हणाले, लेखकाने आळसाला डोक्यावर बसवलं आहे. एक बाई म्हणाल्या, भाषा छान आहे पण असला मुलगा माझ्या दारात आला तर मी दार उघडणार नाही. लोक हसले. एक डॉक्टर म्हणाले, दोष मुलाचा नाहीच, घराचा. पहिल्याच प्रकरणात आई त्याच्या शर्टाला इस्त्री करते, तिथेच सगळं आलं, तिनेच लाडावून ठेवलं. उंटावरून शेळ्या हाकायला कोणाचं काय जातं? लेखक बिचारा खाली मान घालून पेन्सिल फिरवत होता. मी मागे वळून पाहिलं. दादाची मान लेखकापेक्षाही खाली होती.

मग आईचं नाव पुकारलं गेलं. पदर सावरत ती उठली, माइकपासून फूटभर लांब उभी राहिली आणि म्हणाली, "मला हे पुस्तक आवडलं. शेवटी तो घरी येतो, त्याची आई त्याला वाढते, ते वाचताना तर आम्ही सगळ्याजणी रडलो."

सभागृहात कुजबूज झाली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर, सज्जन गृहस्थ. ते हळूच म्हणाले, "ताई, तो घरी येत नाही हो. घर सुरुवातीला आहे. शेवटी तो पायरीवर बसलेला आहे."

सगळे हसले. माझे कान तापले. करवत मावशी माझ्या शेजारी दात-ओठ खात होती. आईही क्षणभर गोंधळली, तिचा हात पदराकडे गेला. मग तीही हसली.

"हो, खरंच की! आमच्याकडे शेवट आधी आला, सुरुवात मागून आली. जसं आलं तसं वाचलं. डोक्यात तेच बसलं, चूक माझीच." ती थांबली. मला वाटलं, आता खाली बसेल. पण ती माइकच्या जवळ गेली.

"पण मी जे बोलले ते मागे घेत नाही. आता डॉक्टरसाहेब म्हणाले, आई चुकली. चुकली असेल. मीही इस्त्री करून दिली होती. माझा मुलगा असाच शहरात गेला. तीन वर्षं फिरला. किती नोकऱ्या धरल्या, किती सुटल्या, त्याचं त्यालाच माहीत. आमच्या गल्लीत आम्ही सांगितलं होतं, मोठ्या कंपनीत आहे. नव्हता. भांडी घासत होता."

मी बाबांकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही.

"आणि मग तो परत आला. तुम्ही म्हणता, दार उघडणार नाही. तुमचं दार, तुमची मर्जी. पण खिसा भरलेला असला की घरी यायला बसचं तिकीट पुरतं. रिकाम्या हाताने बापाच्या दारात उभं राहायला छाती लागते. या पुस्तकातल्या पोराला ती झाली नाही. माझ्या पोराला झाली. त्याने कोणाला लुबाडलं नाही, कोणाला बुडवलं नाही, हरला आणि सरळ घरी येऊन सांगितलं की हरलो. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, म्हणून बोलते आहे. मला त्याचा अभिमान आहे. परीक्षेत पहिला आला असता तर झाला असता, त्याहून जास्त आहे."

कोणी हसलं नाही. आईचा तोच आवाज, पंपांच्या पुस्तकाला चढायचा तो, भिंतीपर्यंत खणखणीत पोचत होता.

"तो आलाय इथे. मागे बसलाय." तिने बोट केलं. "ऊठ रे. बघू देत सगळ्यांना."

सगळ्या माना वळल्या. गल्लीतले निम्मे लोक तिथे होते. आमचा किराणावाला होता, बाबांच्या डेपोतले दोघे होते. दादा उठला नाही. त्याने गुडघ्यांवर हात घट्ट धरले होते आणि तो जमिनीकडे बघत होता. आई हात तसाच धरून उभी राहिली आणि पहिल्यांदाच मला तिच्या चेहऱ्यावर भीती दिसली. आपण त्याला सर्वांसमोर उघडं पाडलं, आता हा रविवारची वाट न बघता इथूनच उठून जाईल, हे तिला कळलं होतं. मलाही कळलं होतं.

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उभे राहिले होते. ठेवणीतला सदरा, बोटांच्या पेरांतलं कधीच न निघणारं काळं ग्रीस. त्यांनी दादाच्या दंडाला धरलं.

"ऊठ," ते म्हणाले. मला नाही, त्याला. "आई बोलावते आहे ना."

दादा उठला. बाबांनी त्याचा दंड सोडला नाही. डेपोतल्या दोघांकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "हा माझा मुलगा. शहरातून परत आलाय."