पिंडापाशी कबूल केलेले पैसे

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते वाल सोलायचं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकून बायको परात घेऊन बसली होती, मी समोर. टीव्ही चालू होता पण आवाज बंद, कारण फोनवर मुलगी होती. मुलगी वसईला दिलेली. तिने आईच्या मोबाईलमध्ये हॉटेल बुक करायचं ॲप टाकून दिलं होतं आणि आता तिकडून एकेक बटण सांगत होती. बायकोचे हात ओले, म्हणून ती करंगळीने दाबत होती.

खोली गणपतीपुळ्याची. बायकोचं माहेर तिथून जवळच. पुळ्याला आम्ही पुष्कळदा गेलो, पण देवाचं दर्शन घ्यायचं आणि तिच्या भावाकडे जेवून पडवीत झोपायचं, एवढंच. आपल्याच मुलखात जाऊन हॉटेलात उतरायचं म्हणजे आमच्याकडे नातेवाइकाच्या थोबाडीत मारल्यासारखं असतं. तिला मात्र एकदा समुद्रासमोरच्या खोलीत झोपायचं होतं. म्हणायची, "सकाळी उठल्यावर कोणीतरी मला चहा आणून देऊ दे. भावाकडे गेलं तरी पहिला चहा मीच टाकते." मग ठरलं, गुपचूप जायचं. भावाला कळू द्यायचं नाही.

मुलगी म्हणाली, "आई, दोन रेट आहेत. एकात कॅन्सल केलं तर पैसे परत मिळतात. दुसऱ्यात नाही मिळत, पण दोनशे रुपये कमी आहेत."

"आपल्याला जायचंच आहे ना?" बायको म्हणाली. "मग परत कशाला मागायचे? कमीवाला घे."

मी पण म्हटलं, कमीवाला.

तिच्या खात्यातून पैसे गेले. तिच्या भिशीचे होते. "अहो, झालं," म्हणाली आणि परत वाल सोलायला लागली. एक वाल बोटातून सटकून माझ्या चष्म्यावर बसला. त्यावर ती इतकी हसली की मुलगी फोनवरून विचारायला लागली, काय झालं, काय झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नारळ आणायला खाली उतरली. वर येताना जिन्यात बसली ती उठलीच नाही. सोललेले वाल फ्रिजमध्ये राहिले. नंतर कोणा बाईने ते टाकून दिले. मला विचारलं पण नाही.

दहाव्याला खाडीकडे गेलो. पिंड ठेवले. कावळे भिंतीवर ओळीने बसलेले, पण एक खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मुलगी रडत म्हणाली, "आई, पप्पांना मी एकटं पडू देणार नाही." कावळा हलला नाही. गावाहून मेव्हणा आला होता. तो म्हणाला, "ताई, भावोजींची काळजी करू नको, आम्ही आहोत." तरी नाही. ऊन डोक्यावर आलेलं, पाय भाजत होते. मला काय वाटलं कोण जाणे, मी मोठ्याने बोललो, "तुझे हॉटेलचे पैसे मी सोडणार नाही. सगळे परत आणीन."

कावळा खाली आला आणि शिवला.

"हॉटेल?" मेव्हणा माझ्याकडे वळला. "कसलं हॉटेल?"

भटजी म्हणाले, आधी आंघोळी करून घ्या.

कावळ्याबिवळ्यावर माझा फार विश्वास नाही. सातवी शिकलो, जन्मभर छापखान्यात कागद कापले, देवधर्म सगळा तिनेच केला. पण चार माणसांत बोललो आणि तो आला. आता काय करणार? बोललेलं करायला तर लागणार.

हॉटेलला फोन लावला. मॅनेजर मराठी होता, गोड बोलला. "काका, फार वाईट झालं. पण बुकिंग ॲपवरून आहे, पैसे त्यांच्याकडे. तुम्ही तिथे बोला." ॲपवाल्यांना लावला. आधी गाणं वाजलं. मग एक मुलगी आली, हिंदीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, बुकिंग मॅडम के नाम पे है. व्हेरिफिकेशन के लिए मॅडम से बात करवाइए."

"मॅडम गुजर गई," मी म्हटलं. "वही तो बोल रहा हूँ."

"सॉरी सर. मैं थोड़ी देर बाद कॉल करूँ?"

मी फोन आपटला. मोबाईल तिचा होता, म्हणून गादीवर आपटला.

असं किती दिवस चाललं. ॲपवाले सांगायचे, हॉटेलने हो म्हटलं तर देऊ. हॉटेलवाला सांगायचा, ॲपने विचारलं तर हो म्हणू. मी मध्ये. परत न मिळणारं बुकिंग आहे, हे तर प्रत्येकजण मला नव्याने समजावून सांगायचा, जसं काय मी बहिराच आहे. अरे बाबा, माणूसच परत न मिळणारं गेलं, ते मला कळलंय. खोलीचं सांग. ती खोली तुम्ही दुसऱ्याला देणारच ना? मग एकाच पलंगाचे दोनदा पैसे कसे घेता?

आणि वर मेव्हणा. दर रविवारी फोन. "काय भावोजी, आले का पैसे?"

"नाही."

"आमच्याकडे उतरला असता तर फुकटात होतं. पण आमची पडवी पडली शेणाची."

"तुझ्या पडवीत चहा तिलाच करावा लागायचा," एकदा मी बोलून गेलो. त्यानंतर दोन रविवार त्याचा फोन आला नाही.

शेवटी मुलीने मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, सगळ्याचे फोटो काढून ॲपवाल्यांना पाठवले आणि हॉटेलच्या मालकाला मी स्वतः फोन केला. खोलीची तारीख अजून लांब होती. तो म्हणाला, "ठीक आहे काका, माझी हरकत नाही, तसं कळवतो." आठवड्याने तिच्या मोबाईलवर मेसेज आला, पैसे पाठवले म्हणून. मी त्याच दिवशी तिच्या फोटोला हार आणला. मेव्हण्याला आपणहून फोन केला. "आले," म्हटलं. "एकेक रुपया."

पैसे आलेच नव्हते.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईने बघितलं आणि म्हणाली, "काका, हे खातं तुम्हीच बंद केलंत ना?"

केलं होतं. तेराव्यानंतर माझं पहिलं काम तेच. आमच्या घरात पद्धत आहे, माणूस गेलं की त्याच्या नावाचं काही लोंबकळत ठेवायचं नाही. रेशन कार्डातलं नाव काढलं, सोसायटीत अर्ज दिला, खात्यात होते नव्हते ते माझ्याकडे घेऊन खातं बंद केलं. तेव्हा हीच बाई म्हणाली होती, काका, किती वेळेवर आलात, लोक वर्षानुवर्षं येत नाहीत.

"मग आता ते पैसे कुठे गेले?"

"बंद खात्यात जमा होत नाहीत. ज्यांनी पाठवले त्यांच्याकडे परत गेले."

"माझ्या खात्यात टाका ना. नवरा आहे मी तिचा."

"ते आम्ही कसं करणार, काका? त्यांनाच सांगा."

परत ते गाणं. यावेळी मुलगा होता. तो म्हणाला, पैसे जिथून आले तिथेच जाऊ शकतात, दुसऱ्या खात्यात नाही. आता ते मॅडमच्या ॲपमध्ये जमा आहेत. वर्षभरात त्यातून कुठलंही हॉटेल घ्या. "आप भी जा सकते हो, सर," असं वर म्हणाला. मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

त्या संध्याकाळी मुलगी आली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, मग जाऊया ना. मी येते तुमच्याबरोबर. पैसे वाया तरी जाणार नाहीत."

"मी पैसे कबूल केलेत."

"कोणाला? कावळ्याला?"

"तिला."

"आईला पैसे हवे होते का?" मुलगी चिडली. "सांगा ना. आईला काय हवं होतं?"

मी उठून ताट धुवायला गेलो. ती भांड्यांचा आवाज ऐकत थोडा वेळ बसली आणि शेवटी चप्पल घालून वसईला गेली. जाताना आईचा मोबाईल घेऊन गेली. म्हणाली, तुमच्याकडे राहिला तर तुम्ही तो फोडाल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भात लावला. बायको रोज पहिला घास खिडकीच्या ग्रिलवर ठेवायची, ती गेल्यापासून मी ठेवला नव्हता. तो ठेवला. म्हटलं, "नाही आले. मी भांडलो, पण नाही आले." समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर कावळा होता. बघत होता, येत नव्हता.

मग माझ्या मोबाईलवरून मुलीला फोन लावला.

"ती पुळ्याची खोली घे," मी म्हटलं. "पण पैसे परत मिळतात, ती घे."

"पप्पा, त्या रेटला दोनशे जास्त पडतील."

"पडू दे. मी देतो."

ती म्हणाली, "बुकिंग आईच्याच नावाने येईल. ॲप तिचं आहे ना."

"येऊ दे."

"आणि मामाला काय सांगू?"

"सांग, हॉटेलात उतरतोय म्हणून. राग आला तर तिथे येऊन भांड म्हणावं."

फोन ठेवला. भात ग्रिलवर तसाच होता. कावळा टाकीवरून हलला नव्हता. त्याला आता मी काहीच कबूल करणार नव्हतो. चहा टाकला आणि खिडकी उघडी ठेवून प्यायला बसलो.