केळ्याचा वास

इंदिरानगरातल्या आमच्या शेजारच्या कोंडाजींना दारू चढत नसे, दारू करणं चढायचं. २००२ साली सिन्नरच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि घराच्या मागच्या खोलीत काचेच्या बरणीत बिअर आंबवायला लागले. जवाला मोड आणायचे, भाजायचे, उकळायचे. प्यायचे अर्धा ग्लास, सांगायचे दोन तास.

सगळी गंमत दोन यीस्टांत होती. आधी बेकरीचं टाकायचं. ते फसफसून केळ्याचा वास सोडतं. तो वास भरात आला की वाइनच्या कारखान्यातल्या मित्राने दिलेलं दुसरं टाकायचं. घाई केली तर दुसरं पहिल्याला दाबून टाकतं, उशीर झाला तर बरणी वाया. म्हणजे खेळ सगळा वासाचा, आणि कोंडाजींचं नाक कारखान्यातल्या ॲसिडच्या वाफांनी कधीच मेलेलं! म्हणून वास घ्यायच्या त्यांच्या पत्नी, नवसाबाई. बाई माळकरी, थेंबाला शिवायच्या नाहीत, पण रोज सकाळी बरणीशी वाकून निकाल द्यायच्या.

२००६ मध्ये लागोपाठ दोन बरण्या बिघडल्या. कोंडाजींनी बेकरीवाल्याचा यथेच्छ उद्धार केला. तिसऱ्या खेपेला पहिलं यीस्ट टाकायलाच ते विसरले. पुडी खिडकीत तशीच, बरणीत नुसतं जवाचं गोड पाणी. नवसाबाई वाकल्या आणि म्हणाल्या, "केळ्याचा वास येतोय. टाका दुसरं."

कोंडाजींनी न फोडलेली पुडी त्यांच्यापुढे धरली.

"लय दिवस झाले, मला बी कसलाच वास येत नाय," त्या खाली बघत म्हणाल्या. "तुमचा हिरमोड नको म्हणून बोलत व्हते."

डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार आहे, कधी कधी नाकापासूनच सुरू होतो. मग गॅस बंद करणं, घरची गल्ली, लेकीचं नाव, एकेक गेलं. बरणीची सवय तेवढी राहिली. कोंडाजींनी बिअर सोडली, पण बरणीत रोज साधं पाणी भरून ठेवायचे. नवसाबाई वाकून "केळ्याचा" म्हणायच्या आणि हे गृहस्थ चिमूटभर काहीतरी सोडल्याचं नाटक करायचे. मला आधी या खुळेपणाचा राग यायचा. नंतर नंतर येईनासा झाला.

एका सकाळी मी भाजी द्यायला गेले होते. नवसाबाई बरणीशी वाकल्या, थांबल्या.

"अहो, कसला वास यायला पायजे?"

"केळ्याचा," कोंडाजी म्हणाले.

"केळं म्हंजी?"

कोंडाजींनी पाणी मोरीत ओतलं आणि बरणी उपडी घालून ठेवली.