फॉइल लावलेल्या खिडक्या

उत्तर ध्रुवाजवळच्या एका गावात हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही. तिथे महिनाभर राहून उजेडावर काम करायला चित्रकारांना बोलावतात, म्हणून मी अर्ज केला होता. व्हिडिओ कॉलवर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझ्यामागचा अंधार बघून विचारलं, "तुमच्याकडे रात्र झाली का?"

म्हटलं, भर दुपार आहे. शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनीच खिडक्यांना अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवलंय, नाहीतर उन्हापुढे एसी हात टेकतो.

बाईंना गंमत वाटली. हसून म्हणाल्या, "इतक्या उन्हात राहणाऱ्यांना उजेडाची ओढ कशी कळणार? त्यापेक्षा उंट, वाळू असं काही रंगवून पाठवा."

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांत मी उंट पाहिला तो सुपरमार्केटमधल्या उंटिणीच्या दुधाच्या बाटलीवर. माझी सगळी चित्रं ट्यूबलाइटखाली झाली आहेत, दिवसा काढलेली सुद्धा. नवरा म्हणाला, "खलास, सोड आता."

कशी सोडू? त्यांचा अंधार हिवाळ्याबरोबर संपतो. आमच्या खिडक्यांवरचं फॉइल मी लग्न होऊन इथे आले त्याच्याही आधीचं आहे.