पाचव्या डावातला ई-सहा

आर्लिस टोलेफसन आठवड्याचे सहा दिवस टोरस्टेडच्या टपाल कचेरीत तिकिटं विकायची. सातव्या दिवशी, चर्च सुटल्यावर, ती त्याच गावच्या गड्यांचं खरंखोटं ठरवायची. बेसबॉलच्या मैदानाच्या जाळीमागं दोन पुरुष उंचीच्या खांबांवर फळ्यांची एक खोली होती. शिडी चढून ती तिथं बसायची. पुढ्यात लांबट वही, टोक केलेल्या तीन पेन्सिली आणि थर्मासमध्ये काळी कॉफी. असे एकतीस उन्हाळे गेले. गावच्या मिलर्स संघाच्या सामन्यातला एकही चेंडू आर्लिसच्या वहीबाहेर राहिला नाही, असं गाव म्हणायचं. ती त्यावर काही बोलायची नाही, कारण तिलाही ते तसंच वाटत होतं.

वहीतली भाषा तिला बापानं शिकवली होती, दूध काढता काढता. मैदानातल्या नऊ जागांना नऊ आकडे. चेंडू फेकणारा पिचर एक, त्याचे चेंडू झेलणारा कॅचर दोन, पहिल्या बेसवरचा, म्हणजे फलंदाजानं पळत गाठायच्या पहिल्या ठाण्यावरचा, तीन, असं करत दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप सहा. पिचरनं तीन चेंडूंत चकवून फलंदाज बाद केला की के. फलंदाज स्वतःच्या फटक्याच्या जोरावर बेसला पोचला की एच, म्हणजे हिट. आणि समोरच्यानं हातातला चेंडू सोडला म्हणून पोचला असेल तर ई, म्हणजे एरर, आणि त्यापुढं सोडणाऱ्याचा आकडा.

एवढ्याशा अक्षरांवर माणसं उन्हाळा काढायची. खेळलेल्या पाळ्या किती आणि त्यांत हिट किती, याचा भागाकार करून आर्लिस हजारात किती ते सांगायची. तीनशेवाला माणूस धान्याच्या कोठारावर छाती काढून जायचा. दोनशे अठ्ठ्याण्णववाला काहीतरी निमित्त काढून टपाल कचेरीत यायचा.

"आर्लिसबाई, रविवारचा माझा तो हिट नव्हता का?"

"नव्हता."

"पण केवढ्यानं मारला होता."

"मारलास जोरात, पण सरळ त्याच्या हातात मारलास. त्यानं सोडला. ई-पाच. तिकीट एक देऊ की दोन?"

नवऱ्याला, हॅरल्डला, तिनं एकदा असाच एच नाकारला होता. तीन दिवस हॅरल्ड गोठ्यात जेवला. चौथ्या दिवशी घरात आला, खुर्ची ओढली आणि म्हणाला, "सोपाच होता म्हणा तो चेंडू." हॅरल्ड जाऊन आता सहा वर्षं झाली होती.

ज्या रविवारची ही गोष्ट, तो सत्त्याऐंशी सालच्या जुलैतला. मका डोक्याइतका झाला होता आणि डाव्या कुंपणापलीकडं हिरव्या भिंतीसारखा उभा होता. पाहुणा संघ क्लाइन लेकचा. टोरस्टेडकडून पिचर डीन ह्युसबी, वय सदतीस, आठवड्याचे पाच दिवस लोण्याच्या कारखान्यात पिंपं उचलणारा. त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन सप्टेंबरात ठरलं होतं. त्यानंतर चेंडू फेकायचा नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. हे गावात कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं.

पाचव्या डावाच्या सुरुवातीला डीननं एका फलंदाजाला तिसऱ्या चेंडूवर चकवलं, पण चेंडू कॅचरच्या हातातून निसटला. असं झालं की फलंदाजाला पळायची मुभा असते; तो पळाला, कॅचरनं चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि त्याला बाद केलं. वहीत हे लिहायला वेळ लागतो. के, मग दोन, रेघ, तीन. दोनाचा फाटा ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं. आर्लिसनं दुसरी पेन्सिल उचलली, मान खाली होती, आणि तेवढ्यात बॅटचा आवाज आला.

ती वर बघते तो चेंडू डाव्या गवतात घरंगळत होता. क्लाइन लेकचा पेल्झर पहिल्या बेसवर पोचला होता. शॉर्टस्टॉप कर्ट लिंडाल आपला हातमोजा मांडीवर आपटत उभा होता. बाकांवरून लोकांचा एक लांब सुस्कारा उठला.

शेजारी बसलेल्या ऑर्व्हिलनं विचारलं, "काय लावू?" ऑर्व्हिल नावं पुकारायचा आणि धावफलकाची बटणं दाबायचा. पन्नास वर्षं दोघं एकमेकांना ओळखत होती.

आर्लिसनं कर्टच्या मोज्याकडं पाहिलं. गडी स्वतःवर चिडलाय, म्हणजे चेंडू त्याचाच होता.

"ई-सहा," ती म्हणाली.

पलीकडं उजव्या कुंपणावरच्या फलकात तीन खिडक्या होत्या. धावा, हिट, एरर. तिसरीत एकाचा दिवा लागला. पेल्झर पुढच्या दोघांच्या खेळीवर जागचा हलला नाही, डाव संपला, आणि आर्लिसनं कॉफी ओतली.

सातव्या डावात तिच्या लक्षात आलं की ऑर्व्हिल गप्प आहे. एरवी हा माणूस चेंडू हवेत असतानाही आपल्या गुडघ्याची कहाणी सांगायचा. तिनं खाली पाहिलं. मिलर्सच्या बाकावर डीन एका टोकाला एकटा बसला होता, खांद्यावर टॉवेल, आणि बाकीचे सगळे दुसऱ्या टोकाला गर्दी करून. त्याच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. मग तिनं फलकाकडं पाहिलं. क्लाइन लेकच्या ओळीत मधल्या खिडकीत शून्य.

एकही हिट नाही. सात डाव, आणि एकही हिट नाही.

आणि पाचव्या डावातला तो ई तिनं चेंडू न बघता लावला होता. साठ वर्षांच्या टोरस्टेडच्या खेळात असा सामना झाला नव्हता. आणि तो चालू असताना त्याचं नाव काढायचं नाही, हा दंडक तिला बापानं वहीच्याही आधी शिकवला होता. नाव काढलं की मोडतं. पिचरशी बोलायचं नाही, त्याच्या शेजारी बसायचं नाही, आकडा मोठ्यानं वाचायचा नाही. म्हातारे शेतकरी पावसाचं भाकीत हसण्यावारी नेतील, पण हा दंडक मोडणाऱ्याला बाकावरून उठवतील.

म्हणजे तिला विचारताही येणार नव्हतं. 'ऑर्व्हिल, पेल्झरचा चेंडू तू पाहिलास का?' एवढंच वाक्य. पण ते उच्चारलं की सगळं उच्चारल्यासारखं होतं. ऑर्व्हिलनं तिला शिडीवरून खाली ढकललं असतं.

त्या मैदानात गावची पाचशे माणसं होती. चारशे नव्व्याण्णव मनातून एकच मागत होती, आणि आर्लिस टोलेफसन, टोरस्टेडची, क्लाइन लेकचा एक फटका मागत होती. एकच. स्वच्छ, सरळ, कुणालाही दिसेल असा. तो आला असता तर पाचव्या डावातला ई कुणाच्या खिजगणतीत राहिला नसता.

आठव्या डावात तो आला असं वाटलं. चेंडू उंच गेला, मक्याच्या दिशेनं. आर्लिस खुर्चीतून अर्धवट उठली.

"जा," ती पुटपुटली.

ऑर्व्हिलनं मान वळवली. "काय म्हणालीस?"

"माशी होती."

कुंपणाला पाठ लावून डाव्या बाजूच्या गड्यानं तो झेलला. मक्याची पानं त्याच्या टोपीला लागली. लोक ओरडले नाहीत, नुसते श्वास सोडून खाली बसले. आर्लिसनं वहीत त्याच्या जागेचा सात हा आकडा लिहिला.

नवव्या डावात डीनचा खांदा उतरलेला उघड दिसत होता. प्रत्येक चेंडूनंतर तो हात झटकायचा. पहिला बाद. दुसरा बाद. तिसऱ्यानं मारलेला चेंडू कर्टकडंच गेला, कर्टनं दोन्ही हातांनी धरला, छातीशी दाबला आणि मग पहिल्या बेसवर फेकला. सहा, रेघ, तीन. संपलं.

"आता बोलू का?" ऑर्व्हिलनं विचारलं. त्याचे डोळे ओले होते.

"बोल."

त्यानं माइक ओढला आणि एकही हिट न देता जिंकलेल्या सामन्याला जे नाव आहे ते, नो-हिटर, साठ वर्षांत पहिल्यांदा त्या मैदानात उच्चारलं. बाकं रिकामी झाली. लोकांनी डीनला उचललं, मग त्याचा खांदा आठवून हळूच खाली ठेवलं.

"ऑर्व्हिल, पेल्झरचा चेंडू तू पाहिलास?"

"मी बटणांकडं बघत होतो. तू ई म्हणालीस, मी ई लावला. का गं?"

ती वही काखेत मारून शिडी उतरली. नोंद बदलायला लीग दुसऱ्या दिवसापर्यंत मुभा देत असे, पण खाली वर्तमानपत्राचा माणूस कॅमेरा घेऊन संघाला फलकाखाली बोलावत होता. तो फोटो एकदा छापला की ते शून्य दगडात कोरल्यासारखंच.

कर्ट बूट काढत होता.

"कर्ट, पाचव्या डावातला चेंडू कसा आला होता?"

कर्टनं वर पाहिलं नाही. "माझी चूक. ई-सहा. बरोबर लावलात तुम्ही."

"मी चूक कुणाची ते नाही विचारलं. चेंडू कसा आला होता?"

"आर्लिसबाई, उन्हाळाभर माझे एरर लावलेत तेव्हा मी भांडत आलो. आज मी म्हणतोय माझा आहे. आज तरी गप घ्या की."

एवढ्यावरून तिला निम्मं कळलं. खुशीनं ई मागणारा शॉर्टस्टॉप तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. पण निम्म्यावर वहीत काही लिहिता येत नाही.

पाहुण्यांच्या गाडीपाशी पेल्झर बॅटी भरत होता. तिचा प्रश्न ऐकून तो हसला.

"आमच्या गावात असता तर हिट. पण तुमच्या गावात हिट मागायला मी काय वेडा आहे? मला अजून जिवंत घरी जायचंय, बाई."

बाकावर डीन एकटाच बसला होता, खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली. फलकाकडून त्याला हाका येत होत्या. आर्लिस त्याच्या शेजारी बसली. गुडघ्यांवर वही.

"डीन, पेल्झरचा चेंडू मी पाहिला नाही. मी लिहीत होते. कर्टचा मोजा बघून ई लावला."

बर्फाचं पाणी त्याच्या कोपरावरून थेंब थेंब गळत होतं.

"मग मला का सांगताय?"

"चेंडू तुझ्या बाजूनं गेला. तू वळून पाहिलंस. पिचर वळतोच."

"पाहिला मी." त्यानं पिशवी सरकवली. "कर्ट उजवीकडं पूर्ण ताणला होता. मोज्याच्या टोकाला शिवून गेला. कुणालाच अडवता आला नसता तो."

"आणि चार डाव तू काही बोलला नाहीस."

"फलकावर ई लागला. मी म्हटलं, त्या वरून बघतात, त्यांना माझ्यापेक्षा नीट दिसलं असेल. तुम्ही कधी चुकत नाही असं सगळे म्हणतात. मीही म्हणून घेतलं." त्यानं पिशवी पुन्हा खांद्यावर ओढली. "बरं वाटत होतं तसं म्हणायला."

आर्लिसला हे सोसायला सगळ्यात जड गेलं. शिव्या चालल्या असत्या.

"मी बदलणार आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"फोटोच्या आधी."

डीननं मान हलवली. होकार होता की नुसती मान, ते तिला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

शिडी तिला एवढी उंच कधी वाटली नव्हती. वर ऑर्व्हिल माइकची वायर गुंडाळत होता.

"एच वर एक कर. ई वर शून्य."

ऑर्व्हिलनं वायर सोडली. "आर्लिस, खाली संघ उभा राहिलाय. अर्धा मिनिट थांब."

"अर्ध्या मिनिटानं खोटा फोटो निघेल."

"मग तूच दाब. माझा हात उठत नाही."

तिनं स्वतः दाबली दोन्ही बटणं. फलकाखाली उभ्या माणसांना आधी कळलंच नाही, कारण दिवे त्यांच्या डोक्यावर होते. समोर कॅमेरावाल्यानं डोळ्यापासून कॅमेरा खाली घेतला. मग एकेक जण वळला.

"चष्मा बदल म्हातारे," बाकांमधून कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्या कुणीतरी त्याहून वाईट म्हणालं.

एकतीस वर्षांत तिनं माइकला हात लावला नव्हता. आता ओढला.

"पाचव्या डावातला पेल्झरचा चेंडू मी पाहिला नव्हता," तिचा आवाज मक्यापर्यंत गेला आणि परत आला. "माझी मान वहीत होती. ई मी अंदाजानं लावला. तो हिट आहे. ठरवणारी मी आहे, कुणाला बोलायचं असेल तर मला बोला." डीनचं नाव तिनं घेतलं नाही.

कर्टनं टोपी जमिनीवर टाकली. दोघं-तिघं फलकाखालून निघून गाड्यांकडं चालू लागले. डीन मात्र बर्फाच्या पिशवीसकट चालत आला आणि मधोमध उभा राहिला.

"काढ," तो कॅमेरावाल्याला म्हणाला.

"आता कशाचा काढू?"

"जिंकलो ना आपण? तीन-शून्य. त्याचा काढ."

गेलेल्यांतला एक परत आला. दुसरा आला नाही. कर्टनं टोपी उचलली, झटकली, आणि रांगेच्या अगदी कडेला जाऊन, अंग चोरून उभा राहिला.

वर आर्लिसनं वही उघडली. ई-सहावर तिनं एकच रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी एच. समासात वेळ, आपली सही, आणि 'नोंदणाऱ्यानं चेंडू पाहिला नव्हता' एवढी ओळ. बेरजा पुन्हा केल्या. डीनच्या रकान्यात हिट एक. कर्टच्या रकान्यात एरर शून्य. मग तिनं मान वर केली, कारण खाली पुढचा सामना खेळायला पोरीसोरींचे संघ मैदानात उतरत होते, आणि ऑर्व्हिल तिच्याशी न बोलता त्यांची नावं पुकारायला लागला होता.