दुसरं शिखर

पीएचडीचा प्रबंध द्यायला महिना उरला होता आणि माझे गाईड फोनवर म्हणाले, "आलेखातलं ते दुसरं शिखर काढून टाक. नमुना तिरका बसला असेल. एकच दाखव, मी लगेच सही करतो."

तेव्हा मी दिंद्रुडला घरी आले होते. फोन ठेवला आणि जाम भडकले. तिरका म्हणे! तो नमुना, म्हणजे धातूचा इवलासा स्फटिक, मी स्वतःच्या हातानं बसवला होता, तीन वेळा तपासून.

माय तुरीच्या शेंगा सोलत होती. "कामून गं, कुनावर एवढी तणतणायलीस?"

सांगितलं. धातूत इलेक्ट्रॉनांचे ऊर्जेचे ठरावीक पट्टे असतात. आमच्या धातूत दोन पट्टे इतके तंतोतंत एकावर एक बसलेले, की एकच वाटतात. जोरदार चुंबकीय क्षेत्र लावलं की ते वेगळे होतात आणि पट्ट्यांची सगळी गुंफणच बदलते. टोपोलॉजी म्हणतात ती हीच. माझ्या आलेखात एका शिखराची दोन झाली होती, ती त्यामुळंच. क्षेत्र वाढवावं तशी ती एकमेकांपासून लांब सरकत होती. चूक अशी शिस्तीत वागते होय?

मायला पट्टे कितपत कळले, देव जाणे. पण ती हसली. "वीस वर्सं ऊस तोडला मी. मुकादमाच्या लेखी नवरा-बायको मिळून एक कोयता. नाव तुज्या बापाचं लिवायचे. अन् मी? मोळ्या काय भुतं वाहायची?" मग शेंगा बाजूला सारून म्हणाली, "दोन हायेत तर दोन लिही. कुनाला भ्यायचं?"

मी लगेच सरांना फोन लावला. "सर, खोडणार नाही."

"मग सही मिळणार नाही."

"नवा स्फटिक घेऊ. तुम्ही स्वतः बसवा. एक निघालं तर मीच सगळं फाडते. दोन निघाली तर सही करायची."

"ठीक आहे, बघू," सर म्हणाले. प्रबंध लांबला. मैत्रिणी म्हणाल्या, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? म्हटलं, वैर तर वैर.

दोन महिन्यांनी सरांनी स्वतः नमुना बसवला, अंशाअंशानं फिरवला. दोन. पुन्हा बसवला. दोनच. त्यांनी पेन काढलं आणि सही केली.

बाहेर येऊन मायला फोन केला. "माय, दोनच निघाली!"

"निघनारच," ती म्हणाली. "आदी कुनी मोजली न्हवती, एवढंच."