रविवारी काढायचा डोळा

‘‘सर, शनिवारपर्यंत डोळा बसवा. रविवारी मला त्याचा काढायचाय.’’

मानपाड्याचा ओंकार खुर्चीत टेकता टेकताच बोलला. डाव्या डोळ्यावर पट्टी. अंडरआर्म क्रिकेटच्या भांडणात जिगरी दोस्त सागरने स्टंप मारलेला. केस झाली, सागर जामिनावर सुटला.

मी ठाण्यात कृत्रिम डोळे बनवतो. अ‍ॅक्रिलिकची वाटी असते. बुबुळ ब्रशने रंगवायचं, लाल रेशमी धाग्यांच्या शिरा बसवायच्या. माझं काम असं, की सख्ख्या आया खोट्या डोळ्यात ड्रॉप टाकतात. एका साहेबांचा डोळा तर ते झोपले तरी ऑफिसवर लक्ष ठेवायचा.

‘‘शनिवारी आमचा शब्बाथ. क्लिनिक बंद,’’ मी म्हणालो. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. प्रार्थना हिब्रूत, भांडणं मराठीत.

निघताना त्याची आई मागे रेंगाळली.

‘‘काका, जरा लांबवा हो. पट्टी निघेपर्यंत सागरकडे जाणार नाही म्हणतोय. तेवढ्यात राग उतरेल.’’

लांबवणं माझ्या हातातलं. तपकिरी रंगाच्या छटा घोडबंदर रोडवरच्या गाड्यांहून जास्त. प्रत्येक ट्रायलला मी तोंड वाकडं करायचो. एकदा बुबुळ चहासारखं झालं, एकदा गुळासारखं. रंगवता रंगवता त्याला आमचा धर्मग्रंथ सांगितला. त्यात ‘डोळ्याबद्दल डोळा’ लिहिलंय खरं. पण जुन्या पंडितांनी अर्थ लावला, की डोळा काढायचा नाही, भरपाई घ्यायची. इजेची, वेदनेची, औषधपाण्याची, बुडालेल्या कामाची आणि अपमानाची.

ओंकारने पट्टी पुन्हा बांधली.

‘‘पहिल्या चार कोर्ट मोजेल,’’ तो म्हणाला. ‘‘अपमान कोण मोजणार?’’

मी पुन्हा रंग चुकवला.

मग कुणाच्या तरी हळदीत डीजेवाल्याने माइकवरून पुकारलं, ‘‘ए काण्या, नाच की.’’ मांडव हसला. म्हणे सागरही हसला. ओंकार पट्टीसकट उठला.

दोन महिन्यांनी सागरला घेऊन त्याचे वडील आले. बाप खाली बघत म्हणाला, ‘‘उजवा, साहेब. तपकिरी.’’

त्याचा रंग पहिल्याच ट्रायलला जुळला. ओंकारचाही पहिल्याच ट्रायलला जुळलेला. तो डोळा तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये तयार होता. परवा त्याची आई रुमालात गुंडाळून घेऊन गेली. जेलमध्ये आत देतात का, विचारणार आहे.

अपमानाची भरपाई आमच्या पंडितांनी पाचव्या नंबरावर ठेवली. माणसं ती पहिली वसूल करतात.